बेडरूमसाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेताय? खोक्यावरच्या वॅटआधी अ‍ॅडॉप्टर वाचा

टेप डेक बंद पडून कित्येक वर्षं झाली, पण त्याच्यासोबत आलेले दोन स्पीकर अजून माळ्यावर आहेत, अशी घरं उमरग्यात काय आणि उमरग्याबाहेर काय, भरपूर सापडतील. गाणी आता मोबाईलमध्ये आहेत. मोबाईल आणि हे स्पीकर यांच्यामध्ये फक्त एक पेटी लागते, ती म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर.

ऑनलाइन शोधायला गेलं की हातावर मावेल एवढी पेटी दिसते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं '100 + 100 वॅट'. शेजारी '300 वॅट' वाली असते, जरा महाग. ऐकून बघता येत नाही, म्हणून मोठा आकडा बघून ऑर्डर दिली जाते. पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच.

बेडरूमला किती वॅट लागतात? आणि खोक्यावरचा आकडा खरा की खोटा हे घरबसल्या कसं ओळखायचं?

10 बाय 12 च्या खोलीला किती वॅट पुरतात?

प्रत्येक स्पीकरची एक संवेदनशीलता असते, म्हणजे 1 वॅट दिल्यावर 1 मीटर अंतरावर तो किती मोठा आवाज देतो. घरगुती लहान स्पीकरसाठी हा आकडा साधारण 85 ते 88 डेसिबल असतो.

समजा तुमचे स्पीकर 86 डेसिबलचे आहेत. तुम्ही पलंगावर दोन मीटर लांब बसलात तर अंतरामुळे थोडा आवाज कमी होतो आणि दोन स्पीकर असल्यामुळे थोडा वाढतो. म्हणजे 1-1 वॅटमध्येच कानाशी 80 च्या वर डेसिबल पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच ऐकावा. लहान मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. थोडक्यात, रोजचं गाणं ऐकायला 1 वॅटसुद्धा पुरेसा असतो.

मग वरचे वॅट कशाला? ढोलकीची थाप, तबल्याचा ठेका, ड्रम असे क्षणिक मोठे आवाज स्वच्छ निघावेत म्हणून. त्यासाठी प्रत्येक बाजूला खरे 15 ते 25 वॅट असले की बेडरूमचं काम भागतं.

इथे अजून एक हिशोब लक्षात ठेवा. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे 50 वॅटऐवजी 100 वॅटची पेटी घेतली तर किंमत वाढलेली दिसते, पण आवाजातला फरक जेमतेम कळतो.

खोक्यावरचा आकडा कसा तपासायचा?

पेटीसोबत आलेला किंवा जाहिरातीत दाखवलेला अ‍ॅडॉप्टर बघा. त्यावर 'आउटपुट' समोर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर. त्यांचा गुणाकार करा.

उदाहरणार्थ 24 व्होल्ट, 3 अँपिअर. 24 गुणिले 3 म्हणजे 72 वॅट. अ‍ॅडॉप्टरच 72 वॅट देतोय, तर पेटीतून सतत 200 वॅट बाहेर पडणार कसे? विहिरीत जेवढं पाणी, तेवढंच मोटार उपसणार. थोडी वीज पेटीतच खर्च होते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून 65 च्या आसपास, एका बाजूला 32 वॅट. बेडरूमसाठी हे भरपूर आहेत, पण 100 नाहीत.

पेटीवर 'पीएमपीओ' लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या. तो मोजायची ठरलेली पद्धत नाही, त्यामुळे तिथे हजारांचे आकडेही छापले जातात. 'आरएमएस' बघा, आणि ते किती ओहमच्या स्पीकरवर मोजलेत तेही बघा. 4 ओहमवर मोजलेला आकडा 8 ओहमवर साधारण निम्मा होतो.

अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचं नोंदणी चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे का, हेही तपासा. रात्रभर प्लगमध्ये राहणारी वस्तू तीच आहे.

एवढीशी पेटी, मग जुने अ‍ॅम्प्लिफायर जड का होते?

जुन्या पद्धतीच्या 'क्लास एबी' अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बरीच वीज उष्णतेत जाते. म्हणून जड ट्रान्सफॉर्मर आणि अ‍ॅल्युमिनियमचे मोठे हीटसिंक लागायचे. नव्या छोट्या पेट्या 'क्लास डी' असतात. त्यांचे ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि सुमारे 90 टक्के वीज स्पीकरपर्यंत पोहोचते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची टीपीए 3116 ही या पेट्यांमधली एक गाजलेली चिप आहे.

दुरुस्तीच्या दुकानात '4440 आयसी'चा असेंबल केलेला अ‍ॅम्प्लिफायरही मिळतो. सान्योची ही जुनी आयसी मुळात गाडीतल्या टेपसाठीची, दोन्ही बाजूंना सुमारे 6-6 वॅट देणारी. कमी आवाजात ऐकणाऱ्याला तीही चालते आणि बिघडली तर गावातच दुरुस्त होते. फक्त '4440' आणि '200 वॅट' एकत्र लिहिलेलं दिसलं तर पुढे जा.

लग्नात, सभेत वापरला जाणारा पीए अ‍ॅम्प्लिफायर मात्र बेडरूमसाठी घेऊ नका. तो बहुधा मोनो असतो, म्हणजे डावं-उजवं वेगळं ऐकूच येत नाही.

लाईट गेली तर?

इथे क्लास डीचा एक फायदा आहे. टीपीए 3116 चिप 4.5 ते 26 व्होल्टवर चालते. त्यामुळे पेटीवर '12 ते 24 व्होल्ट डीसी' असं लिहिलेलं असेल तर ती 12 व्होल्टच्या बॅटरीवरही चालू शकते. 8 ओहमच्या स्पीकरला तेव्हा प्रत्येकी 8-9 वॅट मिळतात. वायरमध्ये फ्यूज टाका आणि प्लस-मायनस उलटे होऊ देऊ नका.

जोडताना होणारी महागडी चूक

अनेक क्लास डी पेट्यांमध्ये स्पीकरची 'मायनस' वायर म्हणजे अर्थ नसतो, तिच्यातूनही सिग्नल जातो. जुन्या वायरिंगच्या सवयीने डाव्या-उजव्या स्पीकरचे मायनस एकत्र बांधले तर पेटी जळू शकते. प्रत्येक स्पीकरला त्याच्या स्वतंत्र दोन वायर द्या.

खोलीचं काय?

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाचा मोठा फटका उमरगा आणि औसा तालुक्यांना बसला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद असलेली घरं कोसळली, आणि पुनर्वसनात सिमेंट-काँक्रीटची घरं उभी राहिली. ही घरं जास्त सुरक्षित, पण काँक्रीटच्या भिंती, वर स्लॅब आणि खाली शहाबादी फरशी असली की आवाज आदळून परत येतो. गाणं कर्कश वाटतं आणि दोष अ‍ॅम्प्लिफायरवर जातो.

उपाय फुकटाचा आहे. जाड पडदा लावा, खाली सतरंजी टाका, भिंतीलगत गाद्या-वाकळांची चळत ठेवा. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, नाहीतर बेस घुमतो. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समान बाजूंचा त्रिकोण झाला पाहिजे.

रात्रीची कसोटी

ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे. बेडरूममधली पेटी तर बहुतेक वेळा हळू आवाजातच चालणार, कारण पलीकडच्या खोलीत कुणी झोपलेलं असतं, कुणी अभ्यास करत असतं. म्हणून पेटी आली की परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन गोष्टी तपासा.

- गाणं न लावता आवाज निम्म्यापर्यंत वाढवा आणि स्पीकरजवळ कान न्या. सूं-सूं किंवा घूं-घूं पलंगापर्यंत ऐकू येत असेल तर ती पेटी नको.
- गाणं लावून आवाज अगदी कमी करा. एक बाजू आधी गप्प होत असेल तर आवाजाचं बटण हलक्या दर्जाचं आहे.

ऐकूनच घ्यायचं असेल तर उमरग्यावरून जाणारा महामार्ग कामाला येतो. एका दिशेला पुण्याची तपकीर गल्ली, दुसऱ्या दिशेला हैदराबादचं कोटी, दोन्ही इलेक्ट्रॉनिक्सचे जुने बाजार. जाताना आपले स्पीकर आणि मोबाईल सोबत न्या.

आणि बजेट ठरलेलं असेल तर जास्त पैसा स्पीकरसाठी ठेवा. 20 खऱ्या वॅटची साधी पेटी आणि बरे स्पीकर असतील तर गाणं छान वाजतं. फाटक्या कोनच्या स्पीकरला 300 वॅटची पेटी लावली तरी फाटकाच आवाज येतो, फक्त जास्त मोठा.