सत्तावन्न की पंचाहत्तर? सीमाभागातल्या पोलीस वायरलेसची भाषा

पोलीस जीपमधून येणारा खरखरता आवाज आपण सगळ्यांनीच ऐकलाय. ‘कंट्रोल... ओव्हर... रॉजर.’ पण बेळगाव-निपाणी पट्ट्यात या भाषेला एक वेगळाच अर्थ आहे. तो थोडा उलगडून पाहू.

आधी तंत्र. पोलिसांचा नेहमीचा संच व्हीएचएफवर चालतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणलं की सपाट जमिनीवरचा पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. ३० मीटरचा मनोरा आणि २ मीटर उंचीवरची जीपची एरियल, दोन्हींचा पल्ला मिळवला तर साधारण २८ किलोमीटर. बेळगाव-निपाणी अंतर ७५ किलोमीटरच्या आसपास, मध्ये वंटमुरीचा आणि तवंदीचा घाट. म्हणजे थेट बोलणं विसराच. आवाज झेलून पुढे फेकणारा रिपीटर उंचावर हवाच.

आता भाषा. इथला शिपाई घरी मराठी बोलतो, ठाण्यात कन्नड, बाजारात दख्खनी. गाडीचा नंबर सांगताना खरी गंमत होते. ५७ ला मराठीत आपण ‘सत्तावन्न’ म्हणतो, म्हणजे आधी सात, मग पन्नास. कन्नडमध्ये ‘ऐवत्तेळु’, आधी पन्नास, मग सात. खरखरीत ऐकून मनात उलथापालथ करणाऱ्यानं ५७ चे ७५ लिहिले, तर नाक्यावर भलतीच गाडी अडते आणि हवी ती निघून जाते. म्हणून वायरलेसवर अंक सुटे सांगायचे: ‘फाइव्ह, सेव्हन’. अक्षरंही तशीच. के ए म्हणजे ‘किलो अल्फा’, एम एच म्हणजे ‘माईक हॉटेल’. ही ‘अल्फा, ब्राव्हो’वाली अक्षरमाला विमानवाहतुकीसाठी आजच्या रूपात लागू झाली १९५६ साली.

आणि १९५६ म्हटलं की आपल्याला दुसरंच काही आठवतं. त्या वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पोलीस हा राज्याचा विषय, त्यामुळे हद्दीबरोबर वायरलेसची जाळीही वेगळी. निपाणी ते कागल अंतर जेमतेम २० किलोमीटर, आपल्या हिशेबात थेट पल्ल्यातलं. पण रीतसर निरोप निपाणीहून बेळगाव कंट्रोल, तिथून कोल्हापूर कंट्रोल आणि मग कागल असा जाणार. लहरींना कोगनोळीची हद्द दिसत नाही, कागदाला दिसते.

शेवटचा मुद्दा आपल्या मंडळाच्या कामाचा. वायरलेसवरचा प्रत्येक निरोप वेळेसह लॉगबुकात चढवायची शिस्त असते. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखला. ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी गेले. भाषणं, बातम्या, आठवणी यांतून तो दिवस आपल्यापर्यंत आला. पण कुणी कुणाला किती वाजता काय कळवलं, हे नेमकं सांगण्याची ताकद असते ती लॉगबुकातल्या एका ओळीत. म्हणून जुनी लॉगबुकं रद्दीत जाऊ नयेत आणि निवृत्त ऑपरेटर मंडळींशी आपण वेळेत बोलावं. मोर्सची कटकट ज्यांच्या बोटांत अजून जिवंत आहे, त्यांची पिढी आता ऐंशीकडे झुकली आहे.