डोळ्याला डोळा लागेना

रात्री अडीचच्या सुमाराला मालवण बंदराकडून होड्यांच्या इंजिनांची घरघर ऐकू येते. पावसाळ्यातली मासेमारी बंदी सोडली तर गेली तीन वर्षं मी ती न चुकता ऐकतो, कारण त्या वेळी मी टक्क जागा असतो. निवृत्त झाल्यावर मनसोक्त झोपायचं, असं नोकरीत असताना ठरवलं होतं! आधी वाटलं, हा आपल्या काळाचा रोग. वीज आली, टीव्ही आला, मोबाइल आला आणि झोप गेली. थोडं वाचल्यावर कळलं, हे दुखणं महाभारताइतकं जुनं आहे.

उद्योगपर्वात प्रजागर नावाचं एक उपपर्वच आहे. संजय पांडवांकडून परत येतो, निरोप उद्या सभेत सांगीन म्हणतो आणि इकडे धृतराष्ट्राची झोप उडते. तो विदुराला बोलावून घेतो. आपण जिला विदुरनीती म्हणतो, ती त्या रात्रीची. विदुर आधी झोप कोणाची उडते ते सांगतो. बलवानाशी वैर आलेला दुबळा, सर्वस्व गमावलेला, कामातुर आणि चोर. मग हळूच विचारतो, महाराज, दुसऱ्याच्या धनाचा लोभ तर नाही ना झाला? त्या घरात असं विचारायला धाडसच हवं.

चरकाने शरीराकडूनही पाहिलं. अंगाला तेल, स्नान, दहीभात, दूध, तूप, मांसरस, आवडते सुगंध, कानाला गोड आवाज, मऊ अंथरूण असे त्याचे उपाय. झोप आणणाऱ्या पदार्थांत पहिला मान त्याने म्हशीच्या दुधाला दिला आहे. गंमत अशी, की चिंता, भीती, राग आणि गैरसोयीचं अंथरूण हे त्याने अतिझोप मोडायचे उपाय म्हणून सांगितले आहेत. आपण ते विनासायास करतो!

आमच्याकडे दुधाच्या जोडीला जायफळ. नारळी-पोफळीच्या सावलीत वाढणारं. सहाणेवर दोन-चार वळसे, बस्स. जास्त झालं तर तेच विषासारखं बाधतं. अफूचीही वाट होती. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी देत, पाळी संपेपर्यंत मूल निजून राहावं म्हणून. त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. मग कारखान्यातली औषधं आली. 1869 साली क्लोरल हायड्रेट, 1903 साली व्हेरोनल. व्हेरोनलच्या कुळातल्या गोळ्या जास्त झाल्यामुळे कित्येकांचे जीव गेले. 1960 नंतर त्यामानाने सुरक्षित गोळ्या आल्या.

तसलीच एक गोळी आमच्या घरात आली. वडील गेले आणि आईची झोप तुटली. ती मध्यरात्री उठायची, कंदील घेऊन पडवीत बसायची आणि चुडताचे हीर काढायची. मी म्हटलं, "आई, अशी जागून आजारी पडशील." ती म्हणाली, "नीज येणा नाय तर तिका हाक मारूची नाय. आपलां काम करीत ऱ्हवाचां, ती आपसूक येता." मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी डॉक्टरांकडून गोळी लिहून आणली. आई झोपू लागली, पण सकाळी पेंगुळलेली असायची. एका पहाटे त्याच गुंगीत खळ्यात पडली. खुबा मोडला. पुन्हा ती धड चालली नाही. म्हाताऱ्या माणसांना या गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो, हे आज सर्वमान्य आहे. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. (घेत असाल तर एकदम मात्र सोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.)

पुढे वाचनात आलं, की 1972 साली रिचर्ड बुट्झिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच मांडलं. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळू नका, उठा, दुसऱ्या खोलीत जा, पेंग आली की परत या. सकाळी उठायची वेळ मात्र एकच ठेवा. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने 2016 साली सांगितलं, जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी अशा सवयींचे आणि विचारांचे उपचार करा. रॉजर एकर्च या इतिहासकाराने तर 2001 साली लिहिलं, की दिव्यांआधीच्या युरोपात लोक दोन हप्त्यांत झोपत, मधला तास-दोन तास उठून कामं करत, गप्पा मारत. सगळीकडे असंच होतं, हे सगळ्या अभ्यासकांना पटलेलं नाही. आईला पटलं असतं.

माझी परीक्षा जत्रेत होते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतार बघायला रात्रभर जागायचं ठरवून जातो. मृदंग-झांज कानाशी वाजत असते आणि मी राक्षस यायच्या आत घोरू लागतो! तिथे झोपायचं नसतं ना, म्हणून.

हल्ली घड्याळ मी खोलीबाहेर ठेवलं आहे. घरघर सुरू झाली की उठतो, पडवीत बसतो, चुडत पुढ्यात घेतो. आईसारखे सरळ हीर मला निघत नाहीत. तरी तीन केरसुण्या झाल्या, चौथी अर्धी आहे. होड्या लांब गेल्या की आत जातो. कधी डोळा लागतो, कधी नाही.