ओलीस राजकन्या आणि आमचे प्रेक्षक

चित्रगृहांतून बाहेर पडणाऱ्या मंडळींचें बोलणें ऐकावें, हा आमचा जुना छंद. शाळेंत नोकरीस असतांना शनिवारचा खेळ सुटण्याच्या सुमारास आम्ही मुद्दाम फाटकाशीं रेंगाळत असूं. चित्रपट कसा आहे हें त्यावरून कळतेंच असें नाहीं. पण पाहणारीं माणसें कशीं आहेत हें पुष्कळ कळतें. आतां पायऱ्या चढणें गुडघ्यांस मानवत नाहीं, आणि घरच्या भिंतीवर टांगलेल्या संचावर हवें तें जुनें चित्र उमटवितां येतें. म्हणून गेल्या श्रावणांत आम्हीं प्रेक्षकांसच घरीं बोलाविलें.

निमित्त आमच्या नातीचें. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकते आणि राजकीय अपहरणाच्या चित्रपटांवर तिचा फार जीव. कोणा मंत्र्याला पळवून न्यावें, त्याच्या सुटकेसाठीं सरकार हवालदिल व्हावें, आणि पळविणारा कोण व पळविला गेलेला कोण याचा उलगडा शेवटपर्यंत होऊं नये, असें कांहीं असलें म्हणजे ती जेवणाचें ताट पुढें येऊनहि हालत नाहीं. एके दिवशीं ती म्हणाली, "आबा, तुमच्या वेळीं असले चित्रपट नव्हतेच. तुमचीं सगळीं देवादिकांचीं नाहीं तर रडण्याचीं." कोल्हापुरांत जन्मलेल्या माणसानें हें ऐकून गप्प बसावें, हें कांहीं बरें नव्हे.

कारण चित्रपटाची शाळा म्हणाल तर ती याच गांवांत भरली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 सालचा. त्यांतील कीचकवधाचें दृश्य इतकें हुबेहूब वठलें होतें कीं सरकारी परीक्षकांनीं तें कापावयास लावलें, असें सांगतात. त्यांच्याच हाताखालीं शिकलेल्या दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम या मंडळींनीं सीतारामपंत कुळकर्ण्यांच्या साहाय्यानें 1 जून 1929 रोजीं येथेंच प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढच्याच वर्षीं त्यांनीं शिवचरित्रावर 'स्वराज्याचें तोरण' काढलें, तेव्हां सरकारास त्यांतील 'स्वराज्य' हा शब्दच सोसला नाहीं. चित्राचें नांव 'उदयकाल' करावें लागलें. प्रेक्षकांची मतें म्हणून आपण जीं धरतों त्यांत सरकारचेंहि एक मत असतें, हें विसरूं नये! 1933 सालीं प्रभातनें बिऱ्हाड पुण्यास हलविलें, आणि तेथें 1936 मध्यें शांतारामांनीं 'अमरज्योति' हा हिंदी बोलपट काढला. व्हेनिसच्या चित्रमहोत्सवांत तो दाखविला गेला. तोच आम्हीं नातीसमोर मांडावयाचें ठरविलें.

ठरल्या दिवशीं पावसाची झड लागली होती. राजाराम बंधारा पाण्याखालीं गेल्याची वार्ता आली होती, त्यामुळें कोणास कोठें जावयाची घाई नव्हती. समोरच्या वाड्यांतील निवृत्त वकीलसाहेब आले, शेजारच्या दोघी तिघी आल्या, आमचें कुटुंब भडंगाची परात घेऊन येऊन बसलें, आणि दिवे मालविण्यांत आले.

ज्यांनीं हें चित्र पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत सांगतों. समुद्रकांठचें एक प्राचीन राज्य. सौदामिनी नांवाच्या स्त्रीचा संसार मोडतो, आणि आपलें तान्हें मूल आपल्यापाशीं असावें एवढी तिची मागणी राणी व न्यायमंत्री दुर्जय धुडकावून लावतात. सौदामिनी सूड घेण्याची प्रतिज्ञा करते, माणसें जमवून समुद्रावर लूटमार आरंभिते, आणि एके दिवशीं राजाच्या गलबतावर तुटून पडून दुर्जयाला कैद करते. पण त्या गलबतावर राजकन्या नंदिनीहि लपलेली असते, हें तिला ठाऊक नसतें. म्हणजे एक मासा धरावा आणि जाळ्यांत दोन यावेत, तसें होतें. सौदामिनी राजकन्येला आपल्या मताची करूं पाहते. राजकन्या मात्र एका मेंढपाळाच्या प्रेमांत पडते. आणि तो मेंढपाळ सुधीर हाच सौदामिनीचा दुरावलेला मुलगा निघतो. कथा के. नारायण काळे यांची. सौदामिनी दुर्गाबाई खोटे, दुर्जय चंद्रमोहन, नंदिनी शांता आपटे. संगीत मास्तर कृष्णरावांचें. 

दिवे लागले आणि आमच्या आवडीचा भाग सुरू झाला.

नात पहिल्यानें बोलली. मेंढपाळ पडद्यावर आला त्याच क्षणीं तो कोणाचा मुलगा निघणार हें तिनें आमच्या कानांत सांगून ठेवलें होतें, आणि तें खरें ठरल्याचा तिला आनंदहि होता व रागहि. "रहस्य इतकें लवकर कळतां कामा नये," ती म्हणाली. पण पुरुषांचीं जहाजें लुटणारी आणि मंत्र्याला साखळदंड घालणारी नायिका 1936 सालीं आपल्याकडे होती, हें तिला खरेंच वाटत नव्हतें. तिनें तें साल दोनदां विचारून घेतलें. नंदिनीला धरून नेणाऱ्या बाईविषयीं जिव्हाळा कां वाटावा, असें एका शेजारणीनें विचारलें, तेव्हां नातीनें 'स्टॉकहोम सिंड्रोम' असें नांव सांगितलें. स्टॉकहोममध्यें 1973 सालीं बँकेवर दरोडा पडला. आंत अडकवून ठेवलेलीं माणसें दरोडेखोरांचीच बाजू घेऊं लागलीं, त्यावरून तो शब्द पडला, असें ती म्हणाली. आमच्या कुटुंबाचें उत्तर याहून सोपें होतें. "राजवाड्यांत त्या पोरीला कोणी कांहीं विचारलें होतें का? इथें निदान कोणी तिच्याशीं बोलतंय." शब्द नव्हता तेव्हांहि माणसें होतींच.

वकीलसाहेबांनीं प्रथम पहाऱ्याची उलटतपासणी घेतली. मंत्र्यासारखा मोलाचा ओलीस हातीं असतां त्याच्याकडे इतकें ढिलें लक्ष? राजकन्या लपली असतां गलबताची झडती नीट कां झाली नाहीं? मग त्यांना 2022 सालचा जून महिना आठवला, आपले आमदार सुरतेस आणि तेथून गुवाहाटीस गेले तो. त्यांत कोण आपण होऊन गेला आणि कोणास नेलें यावर त्यांचें व शेजारणीच्या यजमानांचें जें जुंपलें तें आम्ही येथें लिहीत नाहीं. भडंग संपलें तेव्हां तो वाद संपला.

आम्ही संस्कृताचे शिक्षक. वकीलसाहेबांची उलटतपासणी ऐकतांना आम्हांस भामहाची आठवण होऊन हंसूं आलें. राजकीय अपहरण आणि त्यावर उलट अपहरण, ही कथा आपल्याकडे भासाच्या नांवावरील 'प्रतिज्ञायौगंधरायण' नाटकांत आहे. गणपतिशास्त्र्यांनीं तीं नाटकें त्रिवेंद्रमहून 1912 सालापासून छापावयास घेतलीं. वत्सदेशाच्या उदयनाला हत्तींचा नाद. उज्जयिनीचा महासेन खोटा हत्ती रानांत उभा करवून त्याला पकडतो. उदयनाचा मंत्री यौगंधरायण त्याला सोडविण्याची प्रतिज्ञा करतो, वेड्याचें सोंग घेऊन शत्रूच्या नगरांत शिरतो, आणि कैदी राजा सुटतो तो नुसता नव्हे, तर महासेनाची मुलगी वासवदत्ता हिला बरोबर घेऊन! गंमत ही कीं, ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप तीं उदयन व वासवदत्ता नाटकभर रंगभूमीवर येतच नाहींत. आजच्या चित्रपटवाल्यांनीं ही युक्ति पाहावी.

आतां भामह. हा सातव्या शतकाच्या सुमाराचा साहित्यशास्त्री. कवीचें नांव न घेतां त्यानें वत्सराजाच्या या कथेची अशी हजेरी घेतली आहे कीं ती कोल्हापूरच्या फाटकाशीं सहज खपावी. हत्तींची नस जाणणाऱ्या राजाला, ज्याच्या पदरीं हेर आहेत त्याला, कातड्याचा हत्ती ओळखूं येऊं नये? आणि भाऊ मारला, मुलगा मारला म्हणून खवळलेले इतके शिपाई एकट्या राजावर तुटून पडले, तरी एकाचाहि बाण त्याच्या मर्मीं लागूं नये? आम्ही हें वकीलसाहेबांस सांगितलें तेव्हां ते फार प्रसन्न झाले. आपला पक्ष तेराशें वर्षांचा आहे, हें ऐकून कोणास बरें वाटणार नाहीं?

मात्र खोटा हत्ती आणि ढिला पहारा यांवर हरकत घेणारे प्रेक्षक एक, आणि आम्हीं लहानपणीं एका प्रेक्षकाची जी हरकत ऐकली ती वेगळी. चित्र चालू असतां आमच्या मनांत तीच घोळत होती. आमच्या कुटुंबाच्याहि मनांत असावी, कारण तिनें मध्येंच आमच्याकडे पाहिलें.

आमच्या आत्याबाईंनीं हा बोलपट 1937 च्या सुमारास येथें कोल्हापुरांत पाहिला होता. त्या वेळीं त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि माहेरीं आलेल्या होत्या. 'माहेरीं आलेल्या' हा आमच्या घरांतला शब्द. खरा प्रकार असा कीं यजमानांनीं दुसरें लग्न केलें, आणि सासरच्या मंडळींनीं दोन वर्षांचा मुलगा ठेवून घेऊन त्यांना गाडींत बसवून दिलें. दुसऱ्या लग्नाला तेव्हां कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतांत ती 1946 सालीं आली. आमच्या आजोबांनीं वकिलांचे उंबरठे झिजविले. शाहूमहाराजांनीं 1919 सालीं स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता, पण तो संस्थानापुरता. सासर इंग्रजी हद्दींत, सातारा जिल्ह्यांत. आणि तिकडे 1890 चा पालकांचा कायदा. बाप हयात असून तो नालायक ठरला नसेल, तर न्यायालयाला दुसरा पालक नेमतां येत नसे. आमच्या वकीलसाहेबांनीं ही माहिती त्या संध्याकाळीं पुन्हां उजळून सांगितली, आणि पुढचीहि: 1956 च्या कायद्यानें बाप हा स्वाभाविक पालक आणि त्याच्यामागून आई असें ठरविलें, पांच वर्षांखालचें मूल सामान्यतः आईपाशीं असावें असेंहि म्हटलें, आणि त्या 'मागून' या शब्दाचा अर्थ बाप मेल्यावरच असा नव्हे, हें सर्वोच्च न्यायालयानें गीता हरिहरन यांच्या खटल्यांत 1999 सालीं सांगितलें. आत्याबाई 1991 सालींच गेल्या होत्या.

बोलपटाला त्या गेल्या त्या शेजारच्या बायकांबरोबर, दुर्गाबाई खोटे पाहावयास. 'अयोध्येचा राजा' या 1932 सालच्या चित्रांत येथेंच तारामतीची भूमिका करून दुर्गाबाईंनीं पांढरपेशा घरांचा धीर चेपविला होता. चांगल्या घरची, विधवा झालेली, दोन मुलांची आई पडद्यावर उभी राहते म्हणून आमच्या आजीनेंहि परवानगी दिली. हिंदी बोल आत्याबाईंस अर्धेमुर्धे समजले. परत आल्यावर बायका चंद्रमोहनच्या डोळ्यांविषयीं बोलत होत्या, समुद्राविषयीं बोलत होत्या, बाईमाणसानें तलवार हातीं घ्यावी कीं न घ्यावी यावर बोलत होत्या. आत्याबाईंचें मत आम्हीं पुढें त्यांच्याच तोंडून अनेकदां ऐकलें. दुर्जयाला बांधून आणला हें त्यांना पटलें होतें. "आपल्याकडे दुर्जय होता, गलबत नव्हतें," असें त्या हंसून म्हणत. दुसरें मत त्या हंसून सांगत नसत. "सगळें खरें दाखवलंय," त्या म्हणत, "पण मुलगा फार लवकर सांपडला."

लहानपणीं आम्हांस वाटे कीं त्या मेंढपाळ अवचित भेटण्याविषयीं, त्या योगायोगाविषयीं बोलत आहेत, नातीप्रमाणेंच, भामहाप्रमाणेंच. तसें नव्हतें.

1966 सालच्या मे महिन्यांत, आम्ही आठ वर्षांचे असतांना, एक उंच गृहस्थ कचेरीच्या कामासाठीं कोल्हापुरांत आले आणि पत्ता विचारीत आमच्या वाड्यांत शिरले. हातांत साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा होता. वडिलांनीं त्यांना ओळखलें नाहीं. त्यांनीं नांव सांगितल्यावर वडील उठून उभे राहिले. आत्याबाईंस आंतून बोलाविलें. गृहस्थांनीं वांकून नमस्कार केला, "प्रकृति कशी आहे आपली?" असें विचारलें, आणि खुर्चीच्या कडेवर बसले. 'आपली' हा शब्द आम्हांस अजून ऐकूं येतो. आत्याबाई "बरी आहे" म्हणाल्या. मग उन्हाळा, एस. टी., साताऱ्याचें पाणी, असें बोलणें झालें. ते थांबूं शकत नव्हते. चारची गाडी होती.

आत्याबाई चहा करावयास आंत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहींत, म्हणून वडिलांनीं आम्हांस पाहावयास पाठविलें. स्वयंपाकघरांत स्टोव्ह भुरभुरत होता, चहा उकळून वर येत होता. आत्याबाई साखरेचा डबा उघडून, चमचा हातांत धरून उभ्या होत्या. आमच्या आईला त्या हळूच विचारीत होत्या, "अगो, तो साखर किती घेतो?"