दिलेली जमीन, राखलेली शर्त

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बचत गटाची बैठक आटोपली, बायका पांगल्या आणि मी सतरंजीची घडी घालत होते. गटातल्या एक मावशी मागे रेंगाळल्या. साठीच्या पुढच्या. मुलगा-सून ऊसतोडीला गेले की सहा महिने नातवंडं यांच्याच पदरात. पिशवीतून त्यांनी घडी पडलेला सातबारा काढला.

"ताई, एवढं वाचून द्या. एक माणूस सारखा येतोय. म्हणतो, इसार घ्या न् अंगठा द्या. जिमीन काय तुमची नव्हंच, सरकारची हाय. उद्या सरकार घेईल, त्यापरीस मला द्या."

दोन एकरांचा तुकडा. वर लिहिलेलं 'भोगवटादार वर्ग २' आणि इतर हक्कात शेरा, 'महार वतन, नवीन शर्त'.

मैत्रिणींनो, खरं सांगते. वतन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आजोळचा वाडा येतो. पाटीलकीचं वतन, पोळ्याच्या दिवशी पहिल्या बैलजोडीचा मान. बी.ए.ला इतिहास घेऊनही 'महार वतन' या दोन शब्दांत काय दडलंय, याचा मी कधी विचारच केला नव्हता. कारण सोपं आहे. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर तो शेरा नव्हता.

मग ओळखीच्या वकीलबाईंना गाठलं, गावच्या वाचनालयातून पुस्तकं आणली. जे समजलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

गावकीची कामं महारांच्या वाट्याला. वेशीची राखण, शिवेची साक्ष, चावडीची झाडलोट, सरकारी टपाल पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं, मयताचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री कोसन् कोस चालणं. त्याबदली थोडी इनाम जमीन आणि बलुतं. तीच जमीन पिढ्यान् पिढ्या वाटली जाऊन एकेकाच्या हाती वीतभर उरायची. पण चाकरी वाटली जात नसे, ती सगळ्या घरावर असायची. घरचा कर्ता नसला, तर त्याच्या बापानं नाहीतर भावानं जायचं. आणि संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार भाकरी मागायला बाईनं जायचं. १८७४ च्या ब्रिटिश कायद्यानं हा व्यवहार सरकारी कागदावर पक्का केला. बाजारात कुणी विकत नव्हतं एवढंच. पण चाकरी सोडली तर जमीन जाणार, आणि जमीन राखायची तर माणूस जन्मभर बांधलेला. याला गुलामगिरी नाही तर काय म्हणायचं?

हा शब्द माझा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना. तिथल्या मुक्तीचं त्यांना केवढं अप्रूप होतं!

पण त्या मुक्त झालेल्यांच्या जमिनीचं पुढे काय झालं, ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. १८६५ च्या जानेवारीत, यादवी युद्ध संपत आलेलं असताना, जनरल शेर्मन यांनी हुकूम काढला. दक्षिणेकडच्या किनारपट्टीवरच्या मळेवाल्यांच्या जमिनी मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यायच्या, प्रत्येकी ४० एकरांपर्यंत. सुमारे ४०,००० माणसं तिथे वसली. त्यांनी जमीन कसली, पिकं घेतली. एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना माफी दिली आणि वर्ष सरायच्या आत जमिनी परत करायला लावल्या. एडिस्टो नावाच्या बेटावर हे सांगायला जनरल हॉवर्ड स्वतः गेले. चर्चमध्ये माणसं दाटीवाटीनं जमलेली. बातमी ऐकून एकच गलका झाला, कुणी कुणाचं ऐकेना. तेव्हा गर्दीतल्या एका बाईनं दुःखाचं एक भजन गायला सुरुवात केली आणि सगळे तिच्यामागून गाऊ लागले. हे खुद्द हॉवर्ड यांनीच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्या बाईचं नाव मात्र त्यात नाही. पुढे त्यातल्या बहुतेकांना त्याच जुन्या मालकांच्या शेतात वाट्यानं नाहीतर मजुरीनं राबावं लागलं.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव आपल्याला ठाऊक असतं ते साखर कारखान्यामुळे, मतमाउलीच्या यात्रेमुळे. पण डिसेंबर १९३९ मध्ये याच हरेगावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वतनदार महार-मांगांची मोठी परिषद भरली होती. सरकारनं वतनी जमिनीवरची जुडी, म्हणजे सारा, वाढवली होती. चाकरी तीच, मोबदला तोच, वर कर जास्त! त्याचा तिथे निषेध झाला. बाबासाहेबांची मागणी त्याच्याही अकरा वर्षं आधीची. १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणून त्यांनी म्हटलं होतं की, ज्याला नको त्याला चाकरीतून मोकळं करा आणि जमीन इतर रयतेसारखा पूर्ण सारा घेऊन त्याच्याकडेच राहू द्या. ते विधेयक अखेर मागे घ्यावं लागलं.

कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये. १ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ वतनं रद्द झाली. चाकरी संपली, हे फार मोठं काम झालं. पण जमिनीचं कसं झालं पाहा. आधी ती सरकारजमा झाली आणि मग साऱ्याच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरणाऱ्याला पुन्हा दिली गेली. तिला म्हणतात 'रीग्रँट'. पिढ्यान् पिढ्या राबून राखलेली जमीन पुन्हा पैसे भरून घ्यायची! ज्यांना निरोप पोचला नाही, ज्यांच्या गाठीला पैसा नव्हता, त्यांच्या कितीतरी जमिनी सरकारच्याच नावे राहिल्या. आणि ज्यांना मिळाली त्यांनाही शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकायची नाही, वाटायची नाही.

ही शर्त तशी भल्यासाठीच होती. गरिबाची जमीन कुणी लुबाडू नये म्हणून. पण झालं उलटंच. शर्तीची भीती दाखवूनच जमीन स्वस्तात मागितली जाते. स्टॅम्पपेपरवर नोटरी, कुलमुखत्यारपत्र, अंगठा, झालं! नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. जमीन सातबाऱ्यावर सरकारची, मूळ वतनदारांच्या वारसांकडून घेतलेली कुलमुखत्यारपत्रं आणि आकडा ३०० कोटींचा. टीव्हीवर बातमी बघताना मला ते अमेरिकेतले ४० एकर आठवले आणि मावशींचे दोन एकरही.

तर मावशींना घेऊन तलाठी कार्यालयात गेले. (आता तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) तीन खेपा झाल्या. जुने फेरफार काढले आणि कळलं ते आणखी वेगळंच. मावशींच्या सासऱ्यांनी रीग्रँटची रक्कम वेळेवर भरली होती. तशी नोंद होती. म्हणजे "जमीन सरकारची" हे धादांत खोटं. पण मालक वारून अकरा वर्षं झाली, तरी वारस म्हणून लागलेली नावं फक्त मुलाची आणि दिराची. मावशींचं नावच नाही! सरकारनं काढलं नव्हतं, शर्तीनं काढलं नव्हतं. घरच्यांनीच लावलं नव्हतं. "बाईमाणसाचं नाव कशाला, म्हणले. म्याबी गप ऱ्हायले," मावशी म्हणाल्या.

त्यांनी वारस नोंदीचा अर्ज दिला. दिरानं हरकत घेतली, कारण त्या माणसाकडून त्यानं इसार आधीच उचललाय. दोन सुनावण्या झाल्या. निकाल अजून नाही. दीर बोलत नाही. मुलगाही म्हणतो, आई, कशाला भांडण वाढवतेस? ऊस तोडून जेवढं मिळतं त्यापेक्षा इसाराची रक्कम मोठी दिसते, त्याचं तरी काय चुकलं? मावशी मात्र हटलेल्या नाहीत. पावसाळ्यात त्या तुकड्यात त्यांनी बाजरी पेरली.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात, गटात अशी जमीन असेल तर एवढं कराच. सातबारा काढून भोगवटादार वर्ग आणि इतर हक्काचा रकाना वाचा. जुन्या फेरफाराच्या नकला मागा. रीग्रँट झाली का, रक्कम भरली का, ते त्यात सापडतं. नवरा वारला तर विधवेचा वारसाहक्क १९५६ पासून कायद्यात आहे, आणि तो बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. तेव्हा नाव लावून घ्या. नोटरीच्या कागदानं शेतजमिनीची मालकी बदलत नसते, आणि परवानगीशिवाय विकली तर शर्तभंग होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते. म्हणून न वाचलेल्या कागदावर अंगठा नको, सहीसुद्धा नको.

परवा मावशी गटात आल्या, तेव्हा हजेरीच्या वहीत अंगठ्याऐवजी सही करायची म्हणाल्या. नातीनं शिकवलीय. अक्षरं वाकडीतिकडी, वेलांटी भलतीकडेच. मी विचारलं, "आता कशाला हो हा खटाटोप?"

"तारखेला साहेबापुढं करायची हाय," त्या म्हणाल्या, "आंगठा कुणीबी धरून उठवतं, ताई."