कोरियातला इंग्रजीचा मास्तर

ज्या देशात इंग्रजीच्या पेपरसाठी विमाने थांबतात, तिथे परदेशातून बोलावलेल्या शिक्षकाचे दिवस कसे जातात?

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी दक्षिण कोरियात दुपारी १ वाजून ५ मिनिटांनी विमानांची ये-जा थांबते. पुढची ३५ मिनिटे तातडीचे कारण असल्याशिवाय विमान उडत नाही की उतरत नाही. हवेत असलेली विमाने उंचावरच घिरट्या घालत राहतात. त्या दिवशी कचेऱ्याही उशिरा उघडतात, आणि उशीर झालेल्या मुलाला पोलीस आपल्या गाडीतून परीक्षा केंद्रावर पोचवतात. देशावर संकट वगैरे काही आलेले नसते. ‘सुनुंग’ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा चालू असते आणि त्या ३५ मिनिटांत मुलांना इंग्रजी ऐकून उत्तरे द्यायची असतात.

अशा देशात इंग्रजी शिकवणाऱ्याला काम मिळते यात नवल नाही. गेली तीसेक वर्षे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांतले तरुण-तरुणी पदवीचे प्रमाणपत्र घेऊन कोरियात उतरत आहेत. पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी झाली की त्यांना ‘ई-टू’ हा व्हिसा मिळतो. करार बहुधा एका वर्षाचा असतो. पगार अनुभवाप्रमाणे साधारण २२ ते २५ लाख वॉन, म्हणजे आपले सव्वा ते दीड लाख रुपये. राहायला खोली सहसा मालकाकडूनच मिळते.

सरकारी शाळेतली बाजू

शाळांमध्ये परदेशी शिक्षक नेमण्यासाठी कोरिया सरकारने १९९५ मध्ये ‘एपिक’ ही योजना सुरू केली. १९९७ पासून तिसरीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. अशा शाळेतला शिक्षक सकाळी साडेआठच्या सुमारास दारात बूट काढतो, चपला घालतो आणि आत जातो. आठवड्याला त्याचे २२ तास असतात, प्राथमिक शाळेत प्रत्येक तास ४० मिनिटांचा. वर्गात तो एकटा नसतो. शेजारी एक कोरियन शिक्षक किंवा शिक्षिका असते. वर्गाला शिस्त लावणे, मुलांना कळले नाही ते कोरियनमधून समजावणे हे तिचे काम. या दोघांचे जमले तर वर्ष मजेत जाते. नाही जमले, तर परदेशी पाहुण्याला धडा मोठ्याने वाचून दाखवण्याखेरीज काम उरत नाही.

मुले त्याला नावाने हाक मारत नाहीत. आपल्याकडे ‘सर’ किंवा ‘बाई’ म्हणतात, तशी तिथली मुले ‘टीचर!’ म्हणून ओरडतात. कोरियन शिक्षकासाठी ‘सनसेंगनिम’ हा शब्द आहे. ‘सनसेंग’ म्हणजे आधी जन्मलेला, आणि ‘निम’ म्हणजे आपल्या ‘जी’सारखा आदराचा प्रत्यय.

नव्या शिक्षकाची पहिली फजिती बहुधा फळ्यापाशी होते. लाल रंगात मुलाचे नाव लिहिले की वर्ग चिडीचूप होतो, कारण तिथे जिवंत माणसाचे नाव लाल अक्षरांत लिहिणे अशुभ मानतात. दुसरा गोंधळ उच्चारांचा. कोरियन भाषेत ‘एफ’ आणि ‘झेड’ यांचे ध्वनीच नाहीत. त्यामुळे कॉफीची ‘कोपी’ होते आणि पिझ्झ्याचा ‘पिजा’. काही इंग्रजी शब्द तर कोरियात जाऊन पार कोरियन झाले आहेत. काही विकत न घेता दुकाने पाहत हिंडणे म्हणजे ‘आय शॉपिंग’. परीक्षेला निघालेल्या मुलाला आई ‘फायटिंग!’ म्हणते, तेव्हा ती त्याला भांडायला सांगत नसते, हुरूप देत असते.

दुपारचे जेवण सगळ्यांचे एकत्र. स्टीलच्या खणांच्या ताटात भात, सूप, किमची आणि दोन-तीन तोंडीलावणी. सुट्टीत मुले घरी गेली तरी करारातले दिवस भरायचे म्हणून परदेशी शिक्षकाला बऱ्याचदा रिकाम्या शाळेत खुर्ची धरून बसावे लागते.

रात्री भरणारे वर्ग

परदेशी शिक्षकांच्या नोकऱ्यांचे दुसरे मोठे ठिकाण म्हणजे ‘हागवॉन’, आपल्या भाषेत खासगी क्लास. शाळा सुटली की इथली शाळा भरते. लहान मुलांचे वर्ग दुपारी आणि मोठ्यांचे रात्री. सोलमधला देची-दोंग हा भाग अशा क्लासांसाठी प्रसिद्ध आहे. रात्री दहाला क्लास सुटतात तेव्हा तिथल्या रस्त्यावर मुलांना न्यायला आलेल्या आईवडिलांच्या मोटारींची रांग लागते.

दहाची ही वेळ कायद्याने ठरलेली आहे. सोलमध्ये त्यानंतर क्लास चालवण्यास मनाई आहे आणि २००९ मध्ये घटना न्यायालयानेही हे बंधन योग्य ठरवले. त्याआधी १९८० मध्ये लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली होती. ती बंदी २००० मध्ये याच न्यायालयाने रद्द केली. बंदीच्या काळातही शिकवण्या चोरून चालतच होत्या. २०२४ मध्ये कोरियन पालकांनी शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर सुमारे २९ लाख कोटी वॉन खर्च केले. दर दहा मुलांमधली आठ मुले कुठली ना कुठली शिकवणी घेत होती. नामांकित इंग्रजी क्लासात प्रवेश मिळावा म्हणून सहा वर्षांच्या मुलांचीही परीक्षा होते, आणि त्या परीक्षेची तयारी करून घेणारे आणखी वेगळे क्लास आहेत!

हागवॉन हा धंदा आहे, म्हणून तिथल्या शिक्षकाची नोकरी मालकाच्या नफ्या-तोट्यावर हेलकावे खाते. कायद्याप्रमाणे वर्ष पूर्ण करणाऱ्याला एक महिन्याचा जादा पगार द्यावा लागतो. तो वाचवण्यासाठी अकराव्या महिन्यात नोकरीवरून काढून टाकल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. व्हिसा मालकाशी बांधलेला असल्यामुळे मध्येच नोकरी बदलायची तर बहुधा त्याच मालकाची संमती लागते. म्हणून जाणकार सांगतात, सही करण्यापूर्वी त्या क्लासात आधी शिकवलेल्या एखाद्या शिक्षकाशी बोलून घ्यावे.

खोली, कचरा आणि वय

मिळालेली खोली बहुधा एवढीशी असते. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला गॅस. पण थंडीत जमीन खालून तापते, आणि बाहेर पारा शून्याच्या खाली असतानाही अनवाणी फिरता येते. ‘ओंदोल’ ही जमीन तापवण्याची पद्धत कोरियात फार जुनी आहे. कचऱ्याचे नियम कडक. १९९५ पासून ठरावीक पिशव्या विकत घेऊनच कचरा टाकावा लागतो. उष्टे-खरकटे वेगळे, कागद वेगळा, बाटल्या वेगळ्या.

शाकाहारी माणसाची पंचाईत होते. किमची पाहिली तर भाजीच, पण तिच्यात बहुधा खारवलेली कोलंबी किंवा माशाचा रस असतो.

ओळख होताच समोरचा वय विचारतो, तो मात्र आगाऊपणा नसतो. आपल्याकडे ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, हे ठरवावे लागते. कोरियनमध्ये वयाप्रमाणे क्रियापदाचे रूपच बदलते, तेव्हा वय कळल्याशिवाय बोलायचे कसे? मराठी माणसाला हे लवकर उमगेल. वाक्यात क्रियापद शेवटी ठेवण्याची सवयही दोन्ही भाषांना सारखीच आहे.

भारतीयांना दार किलकिले

भारतात इंग्रजी शिकवणाऱ्यांची वाण नाही, तरी कोरियाच्या त्या सात देशांच्या यादीत भारत नाही. भारत आणि कोरिया यांच्यात २००९ मध्ये आर्थिक भागीदारीचा करार झाला आणि तो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यामुळे इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट मिळाली. हागवॉनची नोकरी मात्र अजूनही त्या सात देशांच्या नागरिकांसाठीच. वर्गात कसे शिकवतो यापेक्षा पासपोर्ट कुठला, हा प्रश्न आधी येतो. अर्जासोबत फोटो मागण्याची पद्धत असल्यामुळे, पासपोर्ट योग्य असूनही केवळ रंगावरून नाकारले गेल्याची खंत अनेक कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या शिक्षकांनी बोलून दाखवली आहे.

मुलाने बोलावे कधी?

या सगळ्या खटाटोपात एक विसंगती आहे. परदेशी शिक्षकाला एवढा खर्च करून आणतात ते मुलांनी इंग्रजी बोलावे म्हणून. पण ज्या परीक्षेसाठी विमाने थांबतात तिच्या इंग्रजीच्या पेपरात ४५ प्रश्न असतात. त्यांतले १७ ऐकून सोडवायचे, उरलेले वाचून. बोलण्याला एकही गुण नाही. त्यामुळे मुले वरच्या वर्गात जातात तसा बोलण्याचा तास मागे पडतो आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका पुढे येतात. मग अवघड उतारा सहज सोडवणारा सोळा वर्षांचा मुलगा ‘काल काय जेवलास?’ या साध्या प्रश्नाला मान खाली घालतो. शब्द त्याला येत असतात. चूक होईल आणि मित्र हसतील, याची त्याला भीती वाटते.

काही कुटुंबांनी यावर फार महाग उपाय शोधला. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून आई मुलांना घेऊन परदेशी जाते आणि वडील मायदेशी राहून पैसे पाठवतात. अशा बापाला तिथे ‘किरोगी अप्पा’ म्हणतात. ‘किरोगी’ म्हणजे रानहंस, लांबचा पल्ला उडून वर्षातून एखादवेळी पिलांना भेटणारा. आणि ‘अप्पा’ म्हणजे बाबा.

शिकवण्यांच्या वेळापत्रकात मुलांचे बालपण बसवण्याची धडपड आपल्या घरांनाही नवी नाही. मुलाला इंग्रजी आले पाहिजे, हे आपल्याकडच्या पालकांचेही म्हणणे असते. कोरियात वर्ष काढलेल्या शिक्षकाला एक गोष्ट पक्की कळते. ज्या तासाला गुण नसतात, त्याच तासाला मुले खरे बोलतात. कोणी कुत्र्याच्या पिलाबद्दल सांगते, कोणी चुकीच्या इंग्रजीत आजीची नक्कल करते आणि सारा वर्ग हसतो. ते हसू टिंगलीचे नाही हे एकदा कळले की सर्वांत लाजाळू मुलगीही हात वर करते. त्यासाठी सात समुद्रांपलीकडचा मास्तर असलाच पाहिजे असे नाही. चूक झाली तर न रागावणारे कोणीतरी समोर असावे लागते, आणि ते घरातही असू शकते.