माणूस पाहून व्यायाम

तालमीच्या वस्तादाला कोणी 'व्यक्तिगत प्रशिक्षक' म्हटले असते तर तो हसला असता. पण काम तो तेच करीत असे. नव्या पोराला आल्या दिवशी तो डाव शिकवीत नसे. हौद्यातील माती उकरायला लावी आणि पोराचा दम किती, अंगात खोड कोणती, हे बाजूला बसून पाही. आज आपल्या शहरांत एकेकाला व्यायाम शिकविणारे जे शिक्षक दिसतात, त्यांच्यापुढील प्रश्न मुळात हाच आहे. मात्र त्यांच्याकडे येणारा पोर नसतो. तो बहुधा पन्नाशीचा, रक्तात साखर निघाली म्हणून आलेला आणि मनातून थोडा शरमलेला गृहस्थ असतो.

असा गृहस्थ पहिल्या आठवड्यात अंग मोडून घेतो, दुसऱ्यात जिना उतरताना कण्हतो आणि महिनाअखेर येईनासा होतो. शिक्षक म्हणतो, चिकाटी नाही. आम्ही म्हणू, मात्रा चुकली.

मात्रेचा विचार शास्त्राने केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पायांत बळ यावे म्हणून थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९४५ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. जे वजन दहा वेळा उचलता येते, अकराव्यांदा येत नाही, ते त्या माणसाचे माप. बळ वाढले की वजन वाढवायचे. शेजारच्या खाटेवरच्याचे माप त्याला लागू नाही. पुढे स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजण्यासाठी ६ ते २० अशी अंकांची पट्टी तयार केली. सहापासून आरंभ का? तर निरोगी तरुणाची नाडी त्या अंकाच्या सुमारे दसपट पडावी म्हणून. नाडी मंद करणारी औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत तर नाडीपेक्षा हा अंकच अधिक भरवशाचा. पण तो कळायला शिष्याला विचारावे लागते, आणि ओरडणाऱ्या शिक्षकाला नेमके तेच जमत नाही! (छातीत दुखले वा भोवळ आली, तर मात्र विचारीत बसू नये, व्यायाम थांबवून डॉक्टर गाठावा.)

आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. पहिल्या शिक्षकाने त्यांना सर्वांबरोबर बैठका घालायला लावल्या. गुडघे सुजले, व्यायाम सुटला. दुसऱ्याने आधी विचारले, "बाई, घरात तुमचे काय अडते?" त्या म्हणाल्या, "पाटावरून हात न टेकता उठता येत नाही. पूजेला खुर्ची लागते." झाले, त्याला धागा सापडला. खुर्चीवर दोन उशा ठेवून त्याने त्यांना पाचच वेळा उठायला-बसायला लावले. पंधरवड्याने एक उशी काढली. कोणत्या वारी यायचे ते बाईंनीच ठरविले. गणपतीत आठवडाभर खाडा पडला, तेव्हा रागावण्याऐवजी त्याने काढलेली उशी परत ठेवली.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेच्या मुळाशी तीन गरजा सांगितल्या आहेत: आपली निवड आपण करावी, आपल्याला जमते आहे असे वाटावे आणि कोणाशी तरी आपुलकी असावी. त्या तरुणाने ही नावे ऐकली असतील की नाही, कोण जाणे.

दिवाळीच्या पाडव्याला बाई पाटावर बसल्या. उठताना एक हात भिंतीला लावावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते शिक्षकाला सांगितले, तेव्हा त्याने वहीत लिहून घेतले आणि एक बुटके स्टूल पुढे ओढले.