पगार चांगला, तरी राजीनामा का?

पगार वेळेवर, सुट्ट्या ठरलेल्या; तरीही माणूस नोकरी सोडतो. आपण म्हणतो, 'हातातली भाकरी लाथाडली.' पण चारचौघांत झालेला अपमान पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

हजरत अनस (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची दहा वर्षे सेवा केली. एवढ्या काळात प्रेषितांनी त्यांना कधी 'उफ्'सुद्धा म्हटले नाही. हे का केलेस, ते का केले नाहीस, असा जाबही विचारला नाही.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दुकानात, कारखान्यात, घरात माणसे कामाला आहेत. त्यातले कोणी सोडून गेले की आपण त्याला कृतघ्न ठरवतो. त्याआधी आपण त्याच्याशी रोज कसे बोलत होतो, ते आठवून पाहू या.